न आवडलेलं पात्र

सोमवार, ४ मार्च

छोटी,

वर 'प्रिय' लिहायचं राहून गेलेलं नाही. मी लिहिलेलं नाही.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुमच्या कंपनीचा माणूस एक दिवसाआड आमच्या थिएटरमधून पाकीट घेऊन जातो, त्याच्याजवळ देते आहे. मिळालं नाही असं तुला म्हणता येऊ नये.

तुझा चित्रपट शुक्रवारी लागला. पोस्टरवर पटकथेच्या ओळीत तुझं नाव पाहून मला आधी आनंदच झाला. मॅनेजरना मी होऊन सांगितलं, ही माझी धाकटी बहीण. ते म्हणाले, मग ऑफिस राहू द्या, बाल्कनीत जाऊन बसा. वीस वर्षं इथे काम करते, पहिल्या दिवसाचा पहिला खेळ मी कधी बघितला नव्हता.

दहा मिनिटांत कळलं. आईसारखी टेलिफोन एक्स्चेंजमधली मुलगी, नकाशे काढणारा तरुण, युद्ध आज लागतं की उद्या अशी हवा, खिडक्यांच्या काचांवर चिकटवलेल्या कागदाच्या पट्ट्या. इथवर कुणाचीही गोष्ट असू शकते. पण तो रोज एक्स्चेंजला फोन करून फक्त "किती वाजले?" एवढंच विचारतो आणि ती मुद्दाम चुकीची वेळ सांगते, हे आईने आपल्याला कधी सांगितलं नव्हतं. ते त्याच्या पत्रांतच असणार. म्हणजे डब्यात.

आई जाण्याच्या आदल्या आठवड्यात मला म्हणाली होती, कपाटातला बिस्किटांचा डबा जाळून टाक, वाचू नको, बाबांना दाखवू नको. माझा हात होईना. तू लहानपणापासून धीट. घरात पाल निघाली तरी हाक तुलाच. म्हणून डबा तुला दिला. तिसऱ्या दिवशी तुझा फोन आला, "झालं, ताई." या दोन शब्दांवर मी दोन वर्षं चार महिने निर्धास्त राहिले. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी शाळेत फक्त वाक्यात उपयोग करण्यापुरतं शिकले होते.

आईचं उघड्यावर आणलंस, ते एक झालं. पण मध्यंतरानंतरचं काय? ज्याच्या मरणाची बातमी आली तो जिवंत असतो, बारा वर्षांनी त्याचं पत्र येतं, आणि नवरा ते लपवून ठेवतो. नवरा घड्याळजी आहे. दुसरा धंदा सुचला नाही तुला? खिडकीजवळचं टेबल, डोळ्याला लावायचं भिंग, एक बोट वर करून "थांब" म्हणायची लकब, सगळं बाबांचं. फक्त चेहरा नटाचा. माझ्या मागच्या रांगेतली बाई म्हणाली, "मेल्याचा हात झडला कसा नाही." तिला काय माहीत.

बाबा दर बुधवारी तीनचा खेळ बघतात हे तू विसरली नसशील. दुकान बंद केल्यापासून चुकवलेला नाही. कडेची खुर्ची ठरलेली. या बुधवारी सर्दी आहे म्हणून मी त्यांना घरी ठेवेन. तेराला ठेवता येणार नाही.

तेराच्या आत आमच्या थिएटरमधून चित्रपट काढायला लाव. तुझ्या ओळखी आहेत. दुसरं काही मागत नाही.

ताई

शनिवार, ९ मार्च

छोटी,

उत्तर नाही. चित्रपट चालतो आहे. मॅनेजर म्हणतात असा चालणारा वर्षभरात आला नव्हता.

माझं शनिवारचं काम तुला माहीत नसेल. प्रत्येक खेळानंतर लोक बाहेरच्या पेटीत अभिप्रायाची कार्डं टाकतात. त्यावर चार रकाने असतात: चित्रपट कसा वाटला, आवडलेलं पात्र, न आवडलेलं पात्र, सूचना. मी कार्डं वाचते, वर्गवारी करून गोषवारा कंपनीला पाठवते आणि निवडक दहा दारातल्या फळ्यावर लावते. आत जाण्याआधी लोक फळा वाचतात. बाबाही वाचतात.

या आठवड्यात एकशे चाळीस कार्डं आली. वाचायची असतील म्हणून थोडी उतरवते.

"शेवटी रडू आवरलं नाही. रुमाल विसरले होते, नवऱ्याने बाही दिली."

"युद्ध येणार येणार म्हणून दोन तास बसलो, एक गोळी सुटली नाही. पण पैसे वसूल."

"माझी आजी त्या काळातली. ती म्हणाली, आम्ही इतक्या छान केसांनी बॉम्बची वाट बघत नव्हतो."

"न आवडलेलं पात्र: घड्याळवाला. असल्या माणसाच्या हातची घड्याळंसुद्धा खोटी वेळ दाखवत असतील."

"न आवडलेलं पात्र: नवरा. नवरा. नवरा." हे एका शाळकरी मुलीचं, तीनदा खोडून पुन्हा लिहिलेलं.

एकशे चाळीसांतल्या एकशे सोळा कार्डांवर त्या रकान्यात नवरा आहे. मी ती सगळी खणात ठेवली आणि फळ्यावर कपडे, गाणी, रंग यांबद्दलची लावली. मॅनेजर चष्मा वर करून बराच वेळ वाचत उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, एवढी माणसं रडत बाहेर पडतात, आणि लिहितात फक्त कोटाच्या कापडाबद्दल?" मी म्हटलं, कापड चांगलंच आहे. ते चष्मा खाली करून आत गेले. त्यांच्या जागी मी असते तर बोलले असते.

आपल्या खालची शिंपीण काकू मैत्रिणींना घेऊन बघून आली. जिन्यात मला थांबवून म्हणाली, "तुझे बाबाही असेच गप्प असायचे नाही का गं? गप्प माणसं आतल्या गाठीची." बाबांनी तिचं घड्याळ तीस वर्षं फुकट दुरुस्त केलं.

आणि ती तारीख. तेही दाखवलंस. ज्या दिवशी त्याच्या मरणाची बातमी आली, दरवर्षी त्या दिवशी आई रजा घेऊन खिडकीकडे तोंड करून बसायची. तुझ्या चित्रपटात त्या दिवशी नवरा मुद्दाम मोठ्याने रेडिओ लावतो. आपल्या घरी काय व्हायचं ते तू बघितलं आहेस. बाबा उजाडायच्या आत दुकानात जायचे, जाताना घरातलं ठोके देणारं घड्याळ बंद करून जायचे, की तिला आवाज नको. ते का नाही घातलंस?

एक विचारायचं आहे. शेवटी नायिका पत्र वाचते, त्यात तो म्हणतो, "स्टेशनवर ये, मी दर रविवारी येऊन उभा राहतो." खऱ्या पत्रात हेच होतं का? की तू लिहिलंस? मला कळायला हवं. का, ते आत्ता विचारू नकोस.

चार दिवस उरले आहेत.

ताई

गुरुवार, १४ मार्च

छोटी,

बाबांनी काल बघितला.

मी खूप कारणं सांगितली. प्रिंट खराब आहे म्हटलं. ते म्हणाले, "तुझ्या धाकट्या बहिणीचा आहे ना? खालची बाई सांगत होती. मग खराब असला तरी बघायला पाहिजे." बूट स्वतः पुसले. कोट घातला. फळ्यासमोर उभे राहून दहाही कार्डं वाचली आणि म्हणाले, "लोकांना कापडातलं बरंच कळायला लागलंय."

मी त्यांच्या शेजारी बसले. पहिल्यांदाच. "ऑफिसला सुट्टी की माझ्यावर पहारा?" मी म्हटलं, दोन्ही.

मध्यंतरापर्यंत ते पुढे वाकून बघत होते. ती नटी फोनवर चुकीची वेळ सांगून हसते तेव्हा तेही हसले. मला वाटलं, त्यांना कळलेलं नाही. मध्यंतरात त्यांनी काही खाल्लं नाही, उठले नाहीत. मग नवरा आला, त्याचं भिंग, त्याचं ते वर केलेलं बोट. लोक आता तो पडद्यावर आला की चुकचुकतात, मागून कुणीतरी शिवी देतं. बाबा मागे टेकून बसले. तो पत्र घेऊन भिंतीवरच्या घड्याळाचं दार उघडतो आणि लंबकामागे पाकीट सारतो, तेव्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अडकेल." संपेपर्यंत एवढंच बोलले.

बाहेर येऊन त्यांनी नेहमीसारखं कार्ड मागितलं आणि भिंतीला टेकवून भरलं. ते इथे जोडते आहे. 'चित्रपट कसा वाटला' रिकामं आहे. 'न आवडलेलं पात्र' रिकामं आहे. सूचनेत लिहिलं आहे: "लंबकाच्या घड्याळात पाकीट ठेवल्यास घड्याळ बंद पडतं. घड्याळजी पत्र तिथे ठेवणार नाही."

एकशे सोळा कार्डांना हे त्यांचं उत्तर.

घरी जाताना सायकलच्या दुकानापुढे ते थांबले. म्हणाले, "असं पत्र खरंच आलं होतं?"

मी हो म्हटलं.

"तुझ्या आईला वाटत होतं का, मी लपवलं म्हणून?"

तिथे मी खोटं बोलू शकले असते, छोटी. नुसतं नाही म्हणून पुढे चालू लागले असते. पण ते माझ्याकडे असे बघत होते, जसं एखादं घड्याळ कानाशी धरून ऐकतात. मी म्हटलं, पत्र आल्याचं तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

"मग तुला कसं कळलं?"

आता तुलाही सांगते. दोन पत्रं मी तुला दम देत लिहिली, ती या एका गोष्टीला वळसा घालून.

पत्र मी घेतलं. मी अकरा वर्षांची होते, तू तेव्हा पाळण्यात. पोस्टमन जिन्यात भेटला, "आईला दे हं" म्हणाला. पाकिटामागचं नाव मी ओळखलं. कारण त्याआधी काही दिवस आई तिच्या एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीला त्याचं नाव घेऊन सांगत होती, "तो परत आला असता ना, तर मी अनवाणी गेले असते." मी दाराआड होते. मला वाटलं, पत्र दिलं तर आई जाईल. चपलासुद्धा न घालता जाईल. मग बाबांचं काय, तुझं काय, माझा शाळेचा डबा कोण भरणार. अकराव्या वर्षी एवढंच सुचतं.

आधी कंपासपेटीत, मग शिवणयंत्राच्या खणात, मग ऑफिसच्या कपाटात. एकेचाळीस वर्षं. उघडलं कधीच नाही. रोज ठरवायची, उद्या देईन. पण जेवढा उशीर होतो तेवढं देणं अवघड होतं, आणि नंतर ते देणं म्हणजे आपण चोर आहोत हे सांगणं होतं. आई गेल्यावर ते मिटलेलं पाकीट मी तिच्या डब्यात घातलं, की सगळी एकत्र जळतील. तू जाळली नाहीस. डब्यात एकच पत्र न उघडलेलं बघून तू हिशेब केलास, की घरात लपवणारं दुसरं कोण असणार. बाबाच.

तुझी चूक मी समजू शकते. तुला माझ्यावर संशय आला नाही, कारण मी ताई होते.

बाबांना सायकलच्या दुकानापुढे उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "चल, चहा मी करतो." चहा केला. पण रात्री घड्याळांना किल्ली द्यायची राहिली. आज सकाळी सातही घड्याळं बंद होती, आणि घर इतकं गप्प की मला वाटलं माझे कान गेले.

खरं पत्र तुझ्याकडे असेल तर पाठव. ते मागत आहेत.

ताई

मंगळवार, १९ मार्च

छोटी,

पाकीट मिळालं. तुझी चिठ्ठीही.

तू लिहितेस, पत्र सापडलं त्या दिवसापासून तुला बाबांचं तोंड बघवेना, म्हणून तू घरी येणं बंद केलंस. आणि मी दोन वर्षं तुला फोनवर विचारत राहिले, "का गं येत नाहीस, बाबा वाट बघतात." शेवटच्या ओळीत तू मला चोर म्हटलंस ते बरोबर आहे. मी तुला पहिल्या पत्रात तेच म्हणणार होते, माझ्याच्याने लिहवलं नाही. तू लिहिलंस. तू नेहमीच धीट.

बाबांनी खिडकीजवळच्या टेबलावर बसून भिंग लावून पत्र वाचलं. मग मला दिलं. मी ते पहिल्यांदा आत्ता वाचलं. स्टेशन नाही, रविवार नाही. डाव्या हाताने काढलेली वेडीवाकडी दीड पानं. उजव्या हाताची बोटं गेली, आता नकाशे काढत नाही. तिकडेच लग्न केलं, एक मुलगा आहे. तुझं लग्न झाल्याचं कळलं, बरं वाटलं. मी मेलो अशी बातमी गेली होती असं ऐकलं, तर उगाच दुःख करू नकोस म्हणून लिहितो. उत्तर नको.

एवढंच होतं. आई कुठेही जाणार नव्हती. तिला कुणी बोलवलंच नव्हतं. आणि तू त्यात स्टेशन घातलंस, कारण याच्यावर कोण रुमाल काढणार.

बाबा बराच वेळ टेबलावरचे स्क्रू लहानमोठे लावत बसले. मग जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते.

"लग्नाआधीच तिने मला सांगितलं होतं, असा एक होता, गेला. मी म्हटलं, चालेल. मेलेल्या माणसाला काय घाबरायचं? नंतर कळलं. मेलेला माणूस म्हातारा होत नाही, खोकत नाही, त्याचे पाय दुखत नाहीत. त्याच्यापुढे मी काय करणार होतो? हे पत्र तिला मिळालं असतं तर तोही माझ्यासारखाच एक झाला असता. बायको, पोरगा, मोडका हात. मग मी बघितलं असतं."

मी त्यांच्यासाठी लपवलं होतं, छोटी. आई त्यांच्याजवळ राहावी म्हणून.

ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्याशी पहिल्यासारखंच बोलतात, फक्त वाक्याच्या शेवटी "बेटा" म्हणत नाहीत. ते किती वेळा म्हणायचे हे मला आजवर माहीत नव्हतं.

ताई

गुरुवार, २१ मार्च

प्रिय छोटी,

काल बुधवार. तीनच्या खेळाला बाबा पुन्हा तुझ्याच चित्रपटाला आले. मी म्हटलं, हा बघून झालाय. ते म्हणाले, "पूर्ण कुठे बघायचाय?"

मी ऑफिसच्या दारातून बघत होते. मध्यंतराचे दिवे लागले आणि ते उठले, कोटाची बटणं लावली, बाहेर आले. नवरा मध्यंतरानंतर येतो ना. तो यायच्या आत बाहेर.

बाकावर बसले आणि मला खूण केली. विचारलं, "ती खरंच अशी हसायची का गं? फोनवर चुकीची वेळ सांगताना?" मी म्हटलं, मला कसं माहीत असणार, आपण दोघंही तेव्हा तिथे नव्हतो. ते म्हणाले, "तुझ्या बहिणीला पत्रांवरून कळलं असेल. त्याने लिहिलं असेल, ती कशी हसायची ते. मी कधी तसं लिहून ठेवलं नाही." मग त्यांनी कार्ड मागितलं. सोबत जोडलं आहे. चित्रपट कसा वाटला: पूर्वार्ध चांगला आहे. आवडलेलं पात्र: टेलिफोनवरची मुलगी. न आवडलेलं पात्र: माहीत नाही, निम्माच पाहिला. सूचना: नाही.

खणातली कार्डं मी काढली आणि सगळी फळ्यावर लावली. मावेनात, म्हणून एकावर एक. मॅनेजर म्हणाले, "आता कसं." त्यांत एक माझं आहे, पहिल्यांदाच भरलं. न आवडलेल्या पात्रापुढे लिहिलं: पत्र लपवणारी मोठी मुलगी, ती चित्रपटात नाही. सही केली. खालची काकू वाचून गेली आणि काल जिन्यात मला बघून तिने दार लावून घेतलं. बाबांच्या खोलीत मात्र ती सकाळी आपलं घड्याळ दुरुस्तीला घेऊन आली होती. चालू असलेलं.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. माझ्यावरचा तुझाही जाऊ नये. पण एक काम आहे, आणि ते पहिल्या पत्रातल्याच्या नेमकं उलट.

पुढच्या गुरुवारी तुझा चित्रपट आमच्याकडून उतरतो. शुक्रवारी नवा लागणार. मी बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे अजून एकच बुधवार." मग बोट वर करून थोडं थांबले आणि म्हणाले, "बघ, जमलं तर."

तुझ्या ओळखी आहेत. अजून एक आठवडा ठेवायला लाव. आणि येणार असशील तर बुधवारी तीनला ये, मध्यंतरापर्यंत. कडेच्या खुर्चीशेजारची जागा मी कुणाला देत नाही. मी ऑफिसातच असेन.

ताई